नाही म्हणण्याआधी

माधवनगर, ता. मिरज, जि. सांगली

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे विचारलंस त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही. मागांच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसाशी फोनवर कायद्याचं बोलण्यात अर्थ नसतो. नंतर व्हॉट्सॲपवर सगळं लिहून पाठवलंस ते बरं केलंस. मीही लिहूनच उत्तर देतो.

तुझ्या कुपवाडच्या वर्कशॉपमधले दोन विषय आहेत. आयटीआयमधून टर्नर झालेला एक मुलगा सीएनसीवर काम मागतोय. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि तुझा सुपरवायझर म्हणतो, उगाच जोखीम नको. दुसरा विषय तुझ्याच पॉवर प्रेसवर ज्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली त्या ऑपरेटरचा. जखम भरली, तो कामावर यायचं म्हणतोय, आणि तोच सुपरवायझर सांगतोय की हिशेब करून मोकळे व्हा. यावर कायदा काय म्हणतो, हा तुझा प्रश्न.

मी वकील नाही. जॉबर होतो, आणि पुढं कामगार संघटनेचे अर्ज-करार लिहिता लिहिता कायद्याची पुस्तकं चाळायची सवय लागली. वकिलाकडे जाऊच नकोस असं म्हणत नाही. पण जाण्याआधी काय विचारायचं ते तरी ठाऊक असावं.

कलमांकडे येण्याआधी तुझ्या बाबांच्या शेडमध्ये चल. सगळे माग एकदम चालू असले की तिथं आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. आठ तासांच्या पाळीला नव्वदची मर्यादा आहे, ती कागदावर. त्या आवाजात कान असून कुणालाच काही ऐकू येत नाही. तू लहान असताना पाहिलं असशील, शेडमध्ये कुणी बोलत नाही. तर्जनी हवेत गोल फिरवली की कांडी संपली. दोन्ही हात पोटापुढं आडवे नेले की बीम उतरायला आला. दाराकडं नुसती हनुवटी उडवली की दिवाणजी आले. चहा, सुट्टी, उचल, भांडण, सगळं खुणांवर. दोन वर्षं शेडमध्ये काढलेला माणूस ओठ वाचायला शिकतो, आणि वीस वर्षं काढलेल्याला ते यावंच लागतं, कारण तोवर त्याचे कान गेलेले असतात. आवाजानं येणारा बहिरेपणा हा आपल्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. त्याची भरपाई मागायला मात्र माधवनगरातून फारसं कुणी गेल्याचं मला आठवत नाही.

आणि अशा शेडमध्ये, जन्मापासून ऐकू न येणारा पोरगा काम मागायला आला की मालक कचरत! ‘ह्याला माग बिघडलेला कसा कळणार?’ प्रश्न अगदीच खोटा नव्हता. जॉबर आवाजावरूनच ओळखतो की पिकिंगमध्ये गडबड आहे की धोटा नीट बसत नाही. पण मी असा एक पोरगा पाहिलाय, जो मागाच्या फ्रेमवर तळहात टेकवून उभा राही आणि मला ऐकू येण्याआधी मला खूण करी. त्याला घेणाऱ्या मालकानं ते आधी पाहिलं, मग ठरवलं. बाकीच्यांनी न पाहताच ठरवलं होतं. भेदभाव म्हणतात तो बहुतेक वेळा एवढाच असतो. त्यात दुष्टावा असतोच असं नाही, न बघता ठरवून टाकण्याची घाई मात्र असते.

कायद्यानं याच घाईला हात घातलाय. अपंगांसाठीचा पहिला कायदा १९९५ चा, तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के राखीव जागा होत्या. मग संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार आला, भारतानं त्यावर २००७ मध्ये मोहोर उठवली, आणि त्याला धरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. १९ एप्रिल २०१७ पासून तो चालू आहे. आधी सात प्रकारची अपंगत्वं धरत, आता एकवीस. ॲसिड हल्ल्यात भाजलेले, शिकण्यात विशिष्ट अडचण असलेले, थॅलेसेमियाचे रुग्ण, सगळे त्यात आले. सरकारी आरक्षण ४ टक्के झालं. पण आरक्षणाचा तुझ्याशी संबंध नाही. तुझ्याशी संबंध आहे तो दोन शब्दांचा: वाजवी सोय. माणसाला काम करता यावं म्हणून कामाच्या जागेत, वेळेत, साधनात जो फेरफार लागतो, आणि जो मालकाला अवाजवी जड जात नाही, तो करायचा. तो करायचं नाकारणं हाच भेदभाव, असं कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली विकाश कुमार यांच्या निकालात आणखी एक गोष्ट सांगितली: कुणाला कोणती सोय लागते हे त्या माणसाशी बोलून ठरवायचं. ‘अशा लोकांना’ काय लागतं याचा ठोकताळा बांधून चालत नाही.

तेव्हा त्या मुलाला विचारलंस का? की सुपरवायझरला विचारून मोकळा झालास?

सीएनसीच्या डोक्यावर लाल-पिवळा-हिरवा दिवा असतोच. मशीन अडलं की लाल लागतो. अलार्म स्क्रीनवर लिहून येतो. ड्रॉइंग कागदावर असतं, मापं मायक्रोमीटरवर. या कामात कानाची गरज नेमकी कुठं लागते याची यादी कर. मला दोन ठिकाणं सुचतात. एक, टूल तुटताना येणारा आवाज. जुना टर्नर तो ऐकून हात थांबवतो, पण सीएनसीवर लोड मीटर दिसतो आणि काचेवर हात ठेवला तर थरथरही कळते. दुसरं, पाठीमागून येणारा फोर्कलिफ्ट. तिथं जायच्या-यायच्या वाटेवर पिवळा पट्टा मार, वळणावर गोल आरसा लाव, फोर्कलिफ्टला फिरता दिवा बसव. हे सगळं ऐकू येणाऱ्यांच्याही कामाचं आहे, कारण तुझ्या शॉपमध्ये अर्धी पोरं कानात इअरफोन घालून फिरतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आगीच्या भोंग्याला एक लुकलुकता दिवा जोड. एवढ्याचा खर्च एका चांगल्या टूल होल्डरच्या आसपास येईल. आणि मुलाखत म्हणून समोर बसवून प्रश्न विचारू नकोस. ड्रॉइंग दे, एक जॉब काढायला सांग, आणि माप घे. जॉब टॉलरन्समध्ये आला तर पुढची चर्चा काय उरली?

जॉब फसला, तर नाकारायचा हक्क तुला आहे. हेही सांगून ठेवतो, नाहीतर तुला वाटायचं कायदा म्हणजे सक्तीची भरती. कलम ३ म्हणतं की अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही, मात्र ते कृत्य योग्य हेतूसाठी आणि हेतूच्या प्रमाणात असेल तर गोष्ट वेगळी. क्रेनच्या खाली शिट्टीच्या इशाऱ्यावर चालणारं काम त्या मुलाला देऊ नये असं तुला वाटलं, आणि शिट्टीऐवजी दुसरा इशारा खरंच बसत नसेल, तर ते कारण टिकेल. ‘जोखीम नको’ हे कारण टिकणार नाही. म्हणून नाकारलंस तर काम कोणतं, अडचण कोणती, कोणती सोय करून पाहिली, हे तीन ओळींत लिहून ठेव. लिहायला बसलं की निम्मी कारणं आपोआप गळून पडतात, हा माझा अनुभव.

न बघता ठरवण्याचं काम छोटे मालकच करतात असंही नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत त्यांना ७७३ वा क्रमांक मिळाला, रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांची निवड झाली, आणि रेल्वेनं पूर्ण अंधत्वाचं कारण सांगून त्यांना घेतलं नाही. हिशेब तपासायचं काम, तेही स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर असताना! बाईंनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक काढला, प्रशासकीय सेवेत गेल्या, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला सबकलेक्टर म्हणून रुजू झाल्या. ही कहाणी पेपरांनी जिद्दीची म्हणून छापली. मला ती नोकरी नाकारल्याची कहाणी वाटते. तुझ्या दाराशी आलेल्या टर्नरला दुसऱ्या परीक्षेत वरचा नंबर काढून दाखवायची सोय नाही. त्याला तू नाही म्हणालास की तो पुढच्या गेटवर जाणार, आणि तिथंही कुणीतरी सुपरवायझर असणारच. ३ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेशातला एक नियम रद्द करून सांगितलं की दृष्टी नाही म्हणून कुणाला न्यायाधीशाच्या नोकरीपासून लांब ठेवता येणार नाही. न्यायदान डोळ्यांवाचून होतं, मग टर्निंग कानावाचून का होऊ नये?

आता खासगी कारखान्याची खरी गोष्ट. २०१६ च्या कायद्यात ‘आस्थापना’ या शब्दात खासगी कारखाना, दुकान, कंपनी सगळं येतं. कलम २१ प्रमाणं प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण लिहून काढायचं आणि त्याची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं नोंदवायची. ते कार्यालय पुण्यात आहे. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी हे धोरण तपशिलानं हवं असं म्हटलंय: कोणती कामं कुणाला देता येतील, निवड कशी होईल, प्रशिक्षण, बढती, रजा, साधनं, आणि हे सगळं बघायला एक जबाबदार माणूस नेमलेला. तुझ्याकडं विसाच्या वर माणसं आहेत. तुझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर गुणवत्तेचं धोरण फ्रेम करून लावलेलं आहे, मी पाहिलंय. हे दुसरं कुठं आहे? कायदा मोडला तर पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. दंडाच्या भीतीनं कर असं माझं म्हणणं नाही. पण एकदा ते धोरण लिहायला घेतलंस तर कामांची यादी करावी लागेल, आणि यादी करताना तुझ्याच लक्षात येईल की शॉपमधली किती कामं कोण करू शकतं.

सरकारनं थोडं आमिषही ठेवलंय. राज्य कामगार विम्याची पगारमर्यादा इतरांना २१ हजार आहे, दिव्यांग कामगाराला २५ हजार, आणि त्याच्यापोटी मालकानं भरायची वर्गणी दहा वर्षांपर्यंत केंद्र सरकार सोसतं. ही योजना तुझ्या पगारपत्रक करणाऱ्या माणसाला विचार. त्यानं ऐकलेली नसेल, पैज लावतो.

आता बोटं गेलेल्या ऑपरेटरकडं येऊ. इथं मला तुझ्यावर थोडं रागवायचंय, पण ते शेवटी.

सरकारी नोकरीत असता तर प्रश्नच नव्हता. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढायचं नाही, खालच्या पदावर ढकलायचं नाही, जमेल त्या जागी त्याच पगारावर न्यायचं, आणि तशी जागा नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद तयार करून त्याला त्यावर ठेवायचं. १९९५ च्या कायद्यात हे कलम ४७ होतं, आता कलम २० मध्ये आहे. पंजाब वीज मंडळाच्या भगवान दास यांचा खटला प्रसिद्ध आहे. सहायक लाइनमन, १९९४ मध्ये दोन्ही डोळे गेले. त्यांना हा हक्क कुणी सांगितलाच नाही. त्यांनी भाबडेपणानं अर्ज लिहिला की मला निवृत्त करा आणि बायकोला नोकरी द्या. मंडळानं निवृत्ती तेवढी तत्परतेनं दिली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती निवृत्ती रद्द ठरवली आणि त्यांना नोकरीतच धरायला लावलं. असे अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत. ‘स्वखुशीनं राजीनामा देत आहे’ हे वाक्य कामगाराच्या हातचं असतं, पण भाषा ऑफिसची असते. तुझ्या सुपरवायझरनं त्या ऑपरेटरकडून असला कागद घेतला असेल तर आजच फाडून टाक.

पण ते कलम फक्त सरकारी आस्थापनांना लागू आहे. माधवनगर, कुपवाड, मिरजेची एमआयडीसी, इचलकरंजी, विटा, जिथं बोटं खरोखर जातात तिथं ते लागू नाही. मला या कायद्यातली ही सगळ्यात मोठी उणीव वाटते. त्यात भर म्हणजे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या व्याख्येत, सततच्या अनारोग्यामुळं काढलेला कामगार ‘कपात केलेला’ धरलाच जात नसे. म्हणजे कपातीची भरपाईही बुडे. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती सूट उरली आहे का, ते वकिलाला विचार. राजस्थानच्या एसटीतल्या ड्रायव्हरांना नजर कमी झाली म्हणून काढलं होतं, तेव्हा १९९१ सालच्या निकालपत्रांत छापलेल्या आनंद बिहारी खटल्यात न्यायालयाला हेच म्हणावं लागलं की व्याख्येप्रमाणं ही कपात नव्हे. मात्र न्यायालय तिथं थांबलं नाही. ज्या कामानं नजर गेली त्याच कामानं माणसाला वाऱ्यावर सोडणं न्याय्य नाही, असं म्हणून त्यांना दुसरं काम द्या, ते नसेल तर उरलेल्या नोकरीच्या हिशेबानं जादा भरपाई द्या, अशी योजनाच आखून दिली. दिव्यांगांचा कुठलाही कायदा व्हायच्या आधीचा हा निकाल आहे. तुझ्या वकिलानं ‘खासगी मालकाला बंधन नाही’ असं सांगितलं तर त्याच्यापुढं हा ठेव.

तुझा ऑपरेटर विम्यात आहे. कामावर येईपर्यंत त्याला पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबानं भत्ता मिळायला हवा, आणि वैद्यकीय मंडळ त्याची हानी ठरवेल त्याप्रमाणं पुढं जन्मभर महिना रक्कम. अपघाताचा अहवाल विमा कार्यालयात वेळेवर गेला का, ते बघ. तो गेला नसेल तर सगळं अडतं. भत्ता चालू असताना कामगाराला काढायचं नाही, हे १९४८ च्या विमा कायद्यानंच घालून दिलं होतं.

तुझ्या बाबांच्या शेडमध्ये माणसं कमी, तिथं विमा नाही. तिथं असाच अपघात झाला तर १९२३ च्या भरपाई कायद्याचा हिशेब लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलाय, पण हिशेबाची रीत समजून घे, बाबांनाही सांग. तीस वर्षांचा कामगार, पगार पंधरा हजार. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. एका हाताची दोन बोटं गेली तर अनुसूचीत कमाईची हानी २० टक्के धरली आहे, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. रक्कम थकवली तर १२ टक्के व्याज, आणि कारण पटलं नाही तर निम्म्यापर्यंत दंड. माधवनगरात दोन बोटांना काय देऊन मिटवतात ते तुला मी सांगायला नको.

अनुसूचीतले टक्के हेही शेवटचे नसतात. ओडिशात एक सुतार थिएटरचं काम करताना पडला, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला, एक हात शाबूत आहे, अंशतः अपंगत्व धरा. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ च्या डिसेंबरात सांगितलं की एका हातानं सुतारकाम होत नाही, तेव्हा सुतारापुरतं हे पूर्णच अपंगत्व. प्रताप नारायण सिंह देव यांच्या नावानं तो निकाल ओळखला जातो. इथंही न्यायालयानं कामाकडंच बघितलं. त्या सुताराला याचा फायदा झाला. तुझ्या ऑपरेटरच्या बाबतीत हीच नजर उलट्या दिशेनं वापर: दोन बोटं नसताना कोणतं काम पूर्ण होतं? इन्स्पेक्शनच्या टेबलावर गेज लावणं, स्टोअर, सीएनसीवर लोडिंग, नव्या पोरांना सेटिंग शिकवणं. प्रेसची डाय कशी बसते हे त्याच्याइतकं तुझ्या शॉपमध्ये कुणाला कळतं? आणि त्याचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या आत आलं म्हणून ‘तो दिव्यांगात मोडत नाही’ असं कुणी म्हटलं तर त्यावर जाऊ नकोस. ४० टक्क्यांची अट आरक्षणाला आणि योजनांना आहे. भेदभाव न करण्याला टक्क्यांची अट नाही.

तुझ्याकडं संघटना नाही, हे तुला सुख वाटत असेल. एक सांगतो. तेलंगणाच्या एसटीतला एक ड्रायव्हर रंगांध निघाला म्हणून त्याला घरी बसवलं होतं. रंगांधता त्या एकवीस प्रकारांत नाही. तरी १ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं त्याला दुसऱ्या जागी घ्यायला लावलं, ते संघटनेनं १९७९ साली व्यवस्थापनाशी केलेल्या करारातल्या एका कलमाच्या जोरावर. कुणीतरी दिवाणजीछाप माणसानं तेव्हा ते वाक्य आग्रहानं घालून घेतलं असणार. तुझ्या नेमणूकपत्रात तसं एक वाक्य तू स्वतःहून घाल: कामावर अपंगत्व आलं तर आधी दुसरं काम शोधलं जाईल, पगार कमी होणार नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं पंधरा किंवा जास्त माणसांच्या खासगी मालकालाही भेदभावबंदी आणि वाजवी सोय थेट लागू आहे. जर्मनीत वीस किंवा जास्त माणसांच्या मालकानं पाच टक्के जागा भरायच्या, नाहीतर दर महिन्याच्या हिशेबानं पैसे भरायचे. आपल्याकडं खासगी मालकाला पाच टक्क्यांचं नुसतं प्रोत्साहन आहे, आणि तेही सरकारच्या ऐपतीप्रमाणं.

त्या दोघांनाही काही सांग, मालक म्हणून नव्हे, घरचा म्हणून. दिव्यांगत्वाचं कार्ड काढायला स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि तपासणीला सांगलीच्या सिव्हिलला जायचं. कार्ड आलं की फोटोकॉपी देत फिरायचं, मूळ कार्ड कुणाच्या हाती ठेवायचं नाही. नाकारलं गेलं तर नाकारल्याचा कागद मागायचा. तक्रार दिव्यांग आयुक्तांकडं विनाखर्च करता येते. त्यांना साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण शेवटी ते शिफारस करतात, हुकूमनामा देत नाहीत, हेही माहीत असलेलं बरं. पुढं उच्च न्यायालयात जायचं तर पूर्वी मुंबईचं भाडं आणि मुक्काम परवडायचा नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसलंय, सांगली जिल्हा त्यातच येतो. सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

आणखी एक. शॉपमध्ये त्या मुलाला हाक मारायची कशी, हे पहिल्या दिवशीच ठरव. आपल्याकडं माणसाच्या उणिवेवरून नाव पाडायची खोड जुनी आहे आणि तिला आपण प्रेम म्हणतो. चारचौघांत दिव्यांगाचा मुद्दाम अपमान करणाऱ्याला २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि उणिवेपलीकडचा माणूस बघायचा असेल तर कोल्हापूरच्या नसीमा हुरझूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे पुस्तक वाच. सोळाव्या वर्षी कमरेखालचं अंग लुळं पडलं, तरी त्यांनी केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. पहिला कायदा यायला तेव्हा अकरा वर्षं अवकाश होता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, तेही सातच्या आसपास प्रकार धरून. त्यातल्या किती जणांना कारखान्याच्या गेटच्या आत जायला मिळालं असेल, विचार कर.

आता रागवायचं राहिलंय ते. तुझ्या चिठ्ठीत त्या ऑपरेटरचं काय करायचं हे विचारलंयस, सुपरवायझरचं म्हणणं लिहिलंयस, खर्चाचं लिहिलंयस. प्रेसला गार्ड होतं का, याबद्दल एक अक्षर नाही. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही अशी सोय कित्येक वर्षांपासून मिळते. ती असेल तर बोट आत राहूच शकत नाही. नसेल, किंवा प्रॉडक्शन वाढावं म्हणून एक बटण कुणी तार बांधून दाबून ठेवलं असेल, तर त्या दोन बोटांचा हिशेब ऑपरेटरच्या नावावर लागत नाही. गार्ड लावणं १९४८ च्या कारखाना कायद्यापासून मालकाचं काम आहे.

तेव्हा क्रम असा ठेव. टर्नर मुलाला बोलावून जॉब काढायला दे. ऑपरेटरला घरी जाऊन भेट, एकटा जा, सुपरवायझरला नेऊ नकोस, आणि त्यालाच विचार की काय करायला जमेल. धोरण लिहून पुण्याला पाठव, मसुदा मी तपासून देईन. आणि गार्ड बसेपर्यंत त्या प्रेसचा मेन स्विच बंद ठेव. ऑर्डर अडली तर अडू दे.

बाबांना नमस्कार, आईला आशीर्वाद.

तुझा,
आबा